शेवटच्या पानावरच्या बायका

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या रेशीमवाल्यांच्या मोहल्ल्यात बशारत-ओतिनला न ओळखणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. बायकांना जमवून किताब वाचून दाखवायची, पोरींना अक्षरं शिकवायची, मयताच्या घरी जाऊन दुआ मागायची, हे ओतिनचं काम, तेच तिचं. तिच्या आईचंही तेच होतं. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून धारदार. वाचन चालू असताना कुणी कुजबुजलं, तर पानावरची नजर न हलवता ती म्हणायची, "तुझ्या सासूची गाऱ्हाणी पैगंबरांच्या गोष्टीहून मोठी असतील तर ये, इथे येऊन बस. आम्ही ऐकतो!"

तिच्या किताबाची एक रीत होती. जिने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली, तिने मागच्या कोऱ्या पानावर आपलं नाव, बापाचं नाव आणि महिना लिहायचा. त्याशिवाय वाचन पुरं झालं असं धरत नसत. वर्षातून एकदा ती सगळी नावं मोठ्याने वाचायची आणि गेलेल्यांसाठी दुआ मागत हात पसरायचे. काही बायका नावापुढे एखादी ओळ लिहून जात. 'तीन बाळंतपणं झाली, मग संपली.' 'भात करपला, पण सोडली नाही.' एकीने नुसतं लिहिलं होतं, 'नवऱ्याला सांगू नये.'

एकोणीसशे सदतीस साली वसंतात मोहल्ल्याच्या कचेरीतला सोबीर दारात आला. सोव्हिएत सरकारने बंदी घातलेल्या जुन्या अरबी लिपीतल्या किताबांची नोंद करत फिरत होता. त्याला स्वतःला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. थुंकी लावून त्याने पानं मोजली, पहिल्या आणि शेवटच्या पानावर शिक्का मारला.

"दोनशे चौदा," तो म्हणाला. "कचेरीत ठेवायला जागा नाही, ओतिनआई. परवा सकाळी क्लबात घेऊन या. शहरातून ही लिपी वाचणारा येतोय."

"आणि एखादं पान उंदराने खाल्लं तर?"

"तर मग उंदराला घेऊन या," तो म्हणाला, पण हसला नाही. एरवी हा पोरगा गल्लीच्या टोकापासून ओरडत यायचा. आज तो हळू बोलत होता.

कोपऱ्यावरच्या नालबंदाकडे महिन्यापूर्वी अशीच एक किताब सापडली होती. त्याला धरून नेलं, तो अजून परतला नव्हता. त्या किताबावर ज्या दोघांची नावं होती, त्यांनाही नेलं. नालबंदाची बायको दर जुम्म्याला त्याचा धुतलेला सदरा पुन्हा धुवायची, आणि तिला कुणी काही विचारत नसे.

बशारतची सून मस्तूरा नव्या शाळेत शिकवायची. घरी आल्या आल्या तिने दार लोटलं.

"आई, माझं नाव आहे ना त्यात?"

"आहे. तूच लिहिलंस. मी काय हात धरला होता तुझा?"

"तुम्हीच म्हणालात, नाव लिहिल्याशिवाय मिटायची नाही!"

"म्हणाले. दिवसभरात शंभर गोष्टी सांगते तुला, त्यातली नेमकी हीच ऐकलीस."

मस्तूरा चुलीपाशी बसली. "शाळेत लिहून दिलंय मी. ओतिनकडे कधी शिकले नाही, जुनी अक्षरं येत नाहीत. खोटं निघालं तर नोकरी राहूच दे आई, मला घरी येऊ देणार नाहीत."

या पोरीवर बशारतचा जीव होता. लेकीवर असतो तसा नव्हे, त्याहून जास्त. कारण किताब वाचताना ही मध्येच थांबून भांडायची, 'हे असं का?' म्हणायची. अशी वाचणारी तिला आयुष्यात दुसरी भेटली नव्हती.

पान फाडता येत नव्हतं, ते मोजलेलं. पण शाई काजळी आणि डिंकाची, कागद घोटून गुळगुळीत केलेला, म्हणजे पाण्याने पुसता येणारी. पोरींच्या लाकडी पाट्या ती अशाच धुवायची आणि अक्षरांचं पाणी कुणाचा पाय पडू नये म्हणून तुतीच्या बुंध्यात ओतायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मस्तूरा शाळेत गेल्यावर तिने कोमट पाणी आणि कापसाचा बोळा घेतला, आणि शिक्का सांभाळून वरून सुरुवात केली.

पहिलं नाव तिच्या आईचं होतं. ते तिने मोठ्याने वाचलं, मग पुसलं. मग दुसरं, तिसरं. करपलेला भात गेला, तीन बाळंतपणं गेली. सदतीस बायका एका वाडग्यात उतरल्या आणि पाणी राखी झालं. ती रडत होती आणि स्वतःवरच चिडत होती, कारण डोळ्यांतलं पाणी भलत्याच ओळीवर पडत होतं.

सगळ्यात खाली मस्तूराचं नाव. त्या दिवशी दौत वाळली होती, म्हणून पोरीने पिशवीतली शाळेची पेन्सिल काढून लिहिलं होतं. करड्या रंगाचं, फिकट. बशारतने त्यावर ओला बोळा फिरवला.

नाव गेलं नाही. ते जांभळं झालं. तिने घाईने पुन्हा पुसलं, तर आणखी गडद झालं, आणि कागदात मुरून पलीकडच्या बाजूला उमटलं. शाळेच्या त्या पेन्सिली पाणी लागलं की पक्क्या होतात, हे बोरूने लिहिणाऱ्या बाईला कोण सांगणार? सगळ्या नावांमधून एकच नाव उरलं होतं, जे पुसायला ती मुळात बसली होती तेच.

दुपारपर्यंत तिने ते पान उन्हात वाळवलं. मग तिने दौतीत पाणी घातलं, बोरू घेतला आणि त्या नावाखाली लिहिलं: 'हे नाव मी, बशारतने, सुनेच्या नकळत लिहिलं. तिला ही लिपी येत नाही.' त्या पानावर खोटं असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

क्लबात मोहल्ल्यातल्या बायकांना बाकांवर बसवलं होतं. शाळेच्या शिक्षिकांनाही बोलावलं होतं. शहरातून आलेला वाचणारा म्हातारा होता, गुळगुळीत दाढी केलेला. पान उलटताना तो कागदाला नख लागू देत नव्हता. असा हात मदरशात शिकलेल्याचाच असतो. शेवटच्या पानावर तो थांबला. ओलाव्याने फुगलेल्या कागदावर बोट फिरवलं आणि बशारतची ओळ सगळ्यांना वाचून दाखवली.

"नाव जांभळं, ओळ काळी," तो म्हणाला. "दोन दौती आहेत का घरात, ओतिनआई?"

"आहेत."

"बरं."

तो वाद घालेना, याचीच बशारतला धास्ती वाटली. त्याने किताब मधेच उघडली आणि मस्तूराला जवळ बोलावलं.

"तुला ही लिपी येत नाही, नाही का?"

"नाही येत."

"ठीक आहे. जरा धर एवढी. चष्मा पुसून घेतो."

त्याने किताब तिच्या हातात दिली ती उलटी, डोकं खाली करून. तो काचा पुसत राहिला. मस्तूरा घाबरून त्याच्याकडे बघत होती, किताबाकडे नाही. पण तिच्या हातांनी आपसूक ती फिरवली, सुलटी केली आणि दोन्ही तळव्यांवर नीट धरली.

मग तिचं खाली लक्ष गेलं.

म्हाताऱ्याने सावकाश चष्मा चढवला. "वाच," तो म्हणाला.

बाकांवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. बशारत आपल्या सुनेच्या हातांकडे बघत होती. किताब कशी धरायची ते तिनेच शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी, अक्षरांच्याही आधी.