मोरपंखी सदऱ्यातले व्याही

एका जन्मात चार-पाच माणसं होऊन जगलेला एकच माणूस मी पाहिला, ते म्हणजे आमचे व्याही, माझ्या सुनेचे वडील. हडपसरच्या कारखान्यात फोरमन होते तेव्हा घरातही मशीनच्या आवाजावर मात केल्यासारखे बोलायचे. त्यांनी मीठ मागितलं की शेजारी खिडकीत यायचे. निवृत्त होऊन कोथरूडला आले आणि दुसऱ्याच दिवसापासून इतकं हळू बोलू लागले की रिक्षावाले त्यांना भलतीकडेच नेत. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलीचा बाप म्हणून ते असे नम्र झाले की, आयुष्यात कोणी न विचारलेला मी स्वतःला मोठा माणूस समजू लागलो. नात झाली तेव्हा तर मंडईत त्यांनी भाजीवालीकडे "थोदा भोपू दे गं" म्हणून भोपळा मागितला. ती म्हणाली, "आजोबा, भरवू पण का?"

मग विहीणबाई गेल्या. त्यांचं भजनी मंडळ दर गुरुवारी त्यांच्याच घरी जमायचं. बायका पेटी परत न्यायला आल्या, तर हे म्हणाले, "नेता कशाला? बसा, चहा टाकतो." आणि विहीणबाईंचे टाळ घेऊन स्वतःही बसले. वर्ष सरल्यावर आमच्या घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मंडळाचं भजन होतं. बायकांच्या रांगेत हे एकटे पुरुष, मंडळाच्या साड्यांना जुळणारा मोरपंखी सदरा घालून! मी सगळ्यांदेखत म्हणालो, "व्याही, पुढच्या वेळी साडीच नेसा." लोक हसले, म्हणून मी तो विनोद नातेवाइकांत फिरवला. फिरता फिरता त्याचं 'बायको गेल्यापासून त्यांचं डोकं सरकलंय' असं झालं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि गुरुवार बंद पडला. म्हणून आता स्वच्छ लिहितो: त्यांचं डोकं शाबूत होतं. आवई माझी होती.

मंडळातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. "तुम्ही बंद पाडलंत, तुम्हीच सुरू करा. सुरात नसतात ते, पण त्यांच्यासारखा ठेका कोणी धरत नाही."

मी गेलो, माफी पुटपुटलो.

ते म्हणाले, "अहो, तिची जागा नको होती मला. नवरा होतो, ते संपलं. आता कोण व्हायचं, ते घरात एकट्याला सुचत नाही. त्यांच्यात बसलो की सुचतं."

"मी सगळ्यांना खरं सांगेन."

"सांगा. आधी सतरंजीचं ते टोक धरा, झटकू."

गुरुवार पुन्हा सुरू झाला. ते बेसूर, पण आनंदाने गातात. मी दाराबाहेर, चपलांजवळ खुर्ची टाकून ऐकतो. ते टाळ न थांबवता मानेनं "आत या" म्हणतात. मी नुसता हात हलवतो. तेवढं धाडस अजून होत नाही.