सुजाताची जपानी सुरी

माझ्या बायकोनं एक सुरी विकत घेतली आणि आमच्या घरातलं बोलणं बंद झालं.

मी वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. पोलाद कापायचं, तापवायचं, घासायचं, त्याचा कडकपणा तपासायचा, हेच माझं काम. नवीन पोरं आली की त्यांना पोलादातलं मीच शिकवतो. (घरी जेवतानाही शिकवतो. ऐकायला सुजाता असते.) अशा माणसाच्या दारात एक दिवस कुरिअरवाला उभा राहतो. त्याच्या हातात लाकडी खोका, खोक्यात मखमल, मखमलीवर सुरी, आणि झाकणावर छापलेलं, 'अस्सल जपानी टूल स्टील'. किंमत मी सांगणार नाही, सांगितली की मला परत राग येतो. तेवढ्यात चांगला मिक्सर आला असता, एवढंच सांगतो.

"एका सुरीला एवढे?" मी म्हणालो.

"माझ्या डब्यांच्या पैशातली आहे," सुजाता म्हणाली.

सुजाता एकट्या राहणाऱ्या कामगार पोरांचे डबे करते. रोज सकाळी तिच्यापुढं कांद्याचा ढीग असतो. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या सुऱ्या भराभर बोथट होतात, मनगट दुखतं, हे ती मला वर्षभर सांगत होती. मी ऐकतही होतो. (म्हणजे मान हलवत होतो.)

"मला म्हणाली असतीस तर आरीच्या जुन्या पात्याची फर्स्टक्लास सुरी करून दिली असती."

"वर्षभर म्हणतेच आहे."

"आणि हे जपानी कशावरून? छापायला काय जातं?"

"मग तपासा की. पोलादवाले तुम्ही."

हे ती टोमण्यानं म्हणाली होती. मी रागात होतो, मला ते आव्हान वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला न विचारता मी सुरी टॉवेलात गुंडाळली आणि कडकपणा तपासायला कंपनीत घेऊन निघालो.

गेटवर आमचे शेखभाई पिशव्या तपासतात. त्यांनी टॉवेल उलगडला आणि तसाच परत मिटला.

"साब, ये किसके वास्ते?"

"बीवी की है," मी म्हणालो. डोकं तापलेलंच होतं. "कल से दिमाग खराब करके रखा उसने. आज फैसला करके रहूंगा."

शेखभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सुरी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भाभी खैरियत से हैं ना?"

मी कितीही समजावलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी माझ्याच मोबाईलवरून घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सुजाता जिवंत होती. जरा जास्तच जिवंत होती.

"माझी सुरी कुठंय? इथं कांदा तसाच पडलाय, विळीनं माझं बोट कापलं, आणि तुम्ही ती मिरवायला नेली व्हय?"

शेखभाईंनी फोन माझ्या हातात दिला, स्पीकर मात्र चालूच ठेवला. सुरी त्यांनी संध्याकाळी परत दिली, तीही भाभींना पुन्हा फोन करून. तपासणी राहिली ती राहिलीच.

आता प्रश्न सुरीचा उरला नव्हता, इज्जतीचा झाला होता. मी हट्टानं एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये आरीच्या पात्याची सुरी घासून तयार केली, तिला सागवानी मूठ बसवली आणि रविवारी जाहीर केलं की आज सर्वांसमोर निकाल लागणार. सर्वांसमोर म्हणजे सुजाता आणि तिचा भाऊ मिलिंद यांच्यासमोर. मिलिंद देवगाव रंगारीला शेती करतो. त्या दिवशी तो नेमका बहिणीच्या डब्यांसाठी शेतातलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, खांद्यावर घेऊन आला होता. पंच म्हणून मी त्यालाच बसवलं.

आधी टोमॅटो झाला. जपानी सुरीनं टोमॅटोच्या पापुद्र्यासारख्या चकत्या पडल्या. मग माझी सुरी चालली.

"कापतीया की दाजी तुमची बी," मिलिंद म्हणाला. "फकस्त टमाटं रडाया लागलंय."

मग कांदा झाला. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं आणि शहाण्या माणसासारखा गप्प बसला. त्याच्या त्या गप्प बसण्यानं मी जास्त भडकलो.

"टोमॅटो-कांद्याचं काय कौतुक," मी म्हणालो. "पोलादाची परीक्षा कठीण जागी होते. ते डांगर इकडं घे."

"दाजी, साल लई कडक हाय त्याची. म्या घरी कुऱ्हाडीनं फोडतो."

"माझी सुरी ठेवा खाली," सुजाता म्हणाली.

मी ठेवली नाही. जपानी सुरी डांगरात अर्धी गेली आणि रुतून बसली. ओढली, येईना. दाबली, जाईना. मी मूठ धरून पिळून बघितली. ते डांगरसुद्धा त्या दोघांच्या बाजूचं आहे, असं मला वाटायला लागलं. शेवटी मी वरवंटा उचलला आणि सुरीच्या पाठीवर सगळ्या आठवड्याचा राग घातला.

टिक असा बारीक आवाज आला. डांगर दुभंगलं. सुरीच्या धारेतला नखाएवढा तुकडा मात्र जागेवर नव्हता.

"बघितलं?" मी म्हणालो. मला मनापासून आनंद झाला होता. "हे तुझं जपानी पोलाद."

सुजाता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सुरी हातात घेतली, खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जेवताना रोज काय सांगता मला? जितकं पोलाद कडक, तितकं काय?"

"ठिसूळ," मी म्हणालो.

"मग कडक पोलादाला काय द्यायचं नाय?"

"पीळ."

"आणि?"

"हादरा."

मिलिंद उठून बाहेर गेला. त्याला हसायचं होतं, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

पण खरी पंचाईत पुढंच होती. तुटलेला तुकडा कुठं गेला? तो डांगरात असेल तर भाजीत जाणार, आणि भाजीतून कुणा गरीब पोराच्या घशात. आता मात्र माझी गाळण उडाली. मी चुंबक आणला आणि डांगराचा सगळा गर ओट्यावर काढून त्यावरून फिरवत बसलो. चुंबकाला काही लागलं नाही. ओटा, फरशी, सगळं झाडून झालं. सुजातानं माझ्याकडं न बघता अख्खं डांगर पिशवीत बांधून टाकून दिलं आणि पिठलं टाकलं. भावानं शेतातून खांद्यावर वाहून आणलेलं डांगर कचऱ्यात जाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कांद्याचं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला. (तोवर तो सगळा बाकीच्यांवरच खर्च करत होतो.)

तुकडा सापडला सोमवारी सकाळी, माझ्या टाचेत.

गल्लीतल्या डॉक्टरांनी चिमट्यानं तो बाहेर काढला आणि उजेडात धरला. "एवढासा तुकडा आणि इतका आत गेला? कशाचा आहे हो?"

"जपानी टूल स्टीलचा," मी म्हणालो.

"माल चांगला दिसतोय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

मी लंगडत घरी आलो आणि सुजाताला म्हणालो, "तुझी सुरी पैसे वसूल आहे."

"मला डोळ्यांनी दिसलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळायला पोलाद टाचेत जावं लागलं." डांगर टाकून दिल्यापासून माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मग तिनं सुरी आणि धार लावायचा दगड माझ्यापुढं ठेवला. "ही खाच काढून द्या."

कंपनीतल्या यंत्रावर हे काम चुटकीसरशी झालं असतं. पण सुरी घेऊन गेटवर जायची माझी आता छाती नाही. म्हणून रोज संध्याकाळी अंगणात बसून मी हातानं घासतो. दगड झिजला, दुसरा आणला, माझ्या मनगटाला पट्टा लागला, खाच मात्र अजून अर्धी आहे. हात दुखायला लागले की मी त्या जपान्यांना मनसोक्त शिव्या देतो. मेल्यांनी पोलाद थोडं तरी खोटं वापरायचं होतं!