पेठेच्या तोंडाशी मरीमायचा गाडा

आमच्या गावाला शहर व्हायचं होतं. हसू नका, खरंच व्हायचं होतं. जऊळक्याकडून रेल्वे आली, टेसन झालं, टेसनाला लागून कापसातली सरकी काढायचं जीन उभं राहिलं, आणि अकोल्याहून आलेला कुणी साहेब बोलून गेला की अशा गावाला कमेटी, म्हणजे म्युनिसिपालिटी, मिळू शकते. झालं! त्या दिवसापासून पारावर दुसरा विषय नाही. एकजण म्हणे, रस्त्यावर कंदील लागतील. दुसरा म्हणे, हो, आणि त्याच उजेडात तुझी घरपट्टी वसूल करतील. वेशीपाशी नाका बसणार आणि स्वतःच्या वावरातली ज्वारी घरी आणायला जकात पडणार, अशीही कुणीतरी आवई उठवली होती. रोज कुणी ना कुणी हमरीतुमरीवर येई.

कमेटी पाहिजे म्हणणाऱ्यांत माझे वडील सगळ्यांत पुढे. आम्ही त्यांना बा म्हणत असू. घरची शेती, गावात शब्दाला वजन, आणि मी त्यांची एकुलती लेक. त्यांनी मला लांब दिलं नाही. लेक डोळ्यांसमोर राहावी म्हणून नाल्यापलीकडे, टेसनाजवळच्या पेठेतच दिलं. माझ्या सासऱ्यांच्या कापूस वाहायच्या गाड्या होत्या. पेठेत सगळे असेच, पोटासाठी ठिकठिकाणाहून येऊन टेकलेले. हमाल, गाडीवान, दोन-चार जैन दुकानदार. गाव आणि पेठ मिळून एक शहर करायचं, असं सुरुवातीला ठरत होतं. माहेर आणि सासर एकाच शहरात येणार म्हणून मी तर फुशारले होते.

मग मारुतीच्या देवळातल्या बैठकीत कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की पेठेत माणसं जास्त आहेत, तेव्हा मेंबरही त्यांचेच निवडून येतील. गाव आपलं आणि कारभार हमालांचा! सासरे त्या बैठकीहून आले ते पागोटंही न काढता ओट्यावर बसले.

"मामाजी, काय झालं?" मी विचारलं.

"पेठ वगळली," ते म्हणाले. "तुह्या बापानंच उठून सांगतलं, पेठ नको म्हणून."

माझा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी लेकराला कडेवर घेऊन मी तडक माहेरी गेले. बा बैलांपुढं कडबा टाकत होते.

"बा, हे खरं हाये का?"

"कागदाची गोष्ट हाये, पोरी," ते म्हणाले. "नात्याले का धक्का लागून राह्यला त्यानं?" आणि हसत हसत त्यांनी नातवाच्या गालाला हात लावला. मी चहासुद्धा न घेता परत आले.

मोजणीदार आला, साखळी टाकून गेला, आणि नाल्याच्या काठानं चुना फासलेले दगड पुरले गेले. दगडांच्या अलीकडे गाव, म्हणजे होऊ घातलेलं शहर. पलीकडे आम्ही.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गावात मरी आली. आज तिला पटकी, कॉलरा म्हणतात, औषध देतात. तेव्हा आमच्याकडे एकच उपाय ठाऊक होता. मरीमायचा लाकडी गाडा सजवायचा, त्यावर कडुनिंबाचे डहाळे बांधायचे, निवद ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. सोडणाऱ्यांनी मागं वळून बघायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही, नाहीतर मरी पाठोपाठ घरी येते म्हणत. गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत गेला की मरी त्यांची. त्यांनी वाटल्यास तो आणखी पुढे ढकलावा. आमच्या गावाची शीव पिढ्यान्‌पिढ्या पेठेच्याही पुढे, एका जुन्या बाभळीपाशी होती. गाडा तिथंच सुटत आला होता.

त्या मंगळवारी दुपारी डफ ऐकू आले तेव्हा मी दारात उभी होते. गाडा जाईल, हात जोडू, एवढंच मनात. मिरवणूक नाल्यातून वर आली, चुन्याचे दगड ओलांडले आणि थांबली. पेठेच्या तोंडाशीच असलेल्या आमच्या घरासमोर! गाडा टेकवला, दोर सोडला. डफ बंद झाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते दगड पट्टी कुठवर घ्यायची ते ठरवायला पुरले होते हो! पण गावानं तीच आपली शीव धरली होती, आणि शीव ओलांडली की एक पाऊलही पुढं जायचं कारण नव्हतं. निवदाचं ताट बांच्या हातात होतं. त्यांनी ते गाड्यावर ठेवलं.

"बा!" मी ओरडले. "माह्या लेकरापुढं काहून ठेवता?"

ते वळले नाहीत. सगळ्यांबरोबर चालते झाले. माझा बाप रीत पाळत होता.

पेठेत कुणी गाड्याला हात लावेना. लावणार कोण? गाडा पुढे न्यायला गाव लागतं, गावाची मरीमाय लागते, भगत लागतो, शीव लागते. आमच्याजवळ यातलं काही नव्हतं. बायांनी पोरं आत घेऊन दारं लावली. माझं लेकरू पाळण्यात झोपलं होतं. मी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बाहेर येऊन गाड्याचा दोर उचलला. सासू किंचाळली, "शिवू नको व, मरशील!" मला राग एवढा आला होता की भीतीला जागाच उरली नव्हती.

मी गाडा उलटा ओढत नेला. नाला, दगड, वेस. काठ्या घेऊन माणसं धावली, पण मरीमायला अडवणार कोण? सगळे भिंतींना चिकटले. बा ओट्यावर पाय धूत होते. मी गाडा त्यांच्या पुढ्यात उभा केला.

"हद्द सांगा, बा. मी अठलची का तठलची?"

त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. माझ्या बापाचा असा चेहरा मी आधीही बघितला नव्हता आणि नंतरही नाही. लेकीच्या दारात आपण काय ठेवून आलो, ते त्यांना बहुधा तेव्हा दिसलं. अनवाणीच खाली आले, माझ्या हातातून दोर घेतला आणि म्हणाले, "चाल."

आम्ही दोघं निघालो. गाव लांबून मागं येत होतं. पुन्हा वेस, पुन्हा ते दगड, मग सगळी पेठ. बाभळीपाशी आल्यावर त्यांनी गाडा शिवेपार नेला, दोर टाकला आणि हात जोडले. मी सुटले म्हणून रडायलाच लागले. माझं लेकरू वाचलं, एवढंच मला कळत होतं.

परत फिरताना मागं बघायचं नसतं. मी बघितलं.

पलीकडच्या गावातली एक बाई वावरात काडीकचरा वेचत होती. ती उभी राहून गाड्याकडे बघत होती. तिच्याही कडेवर लेकरू होतं, माझ्या लेकराएवढंच. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. हाक कुणाला मारणार? आमच्या त्या माणसांत तिचा बाप नव्हता.