डोहापलीकडची सोमारी

चंद्रपूरच्या बसस्थानकावर आत्याने पहिला वाद खिडकीच्या जागेवरून घातला आणि बस सुटायच्या आत दुसरा, माझ्या चपलांवरून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला मुलाकडे राहते. तिचे यजमान शिक्षक होते आणि लग्नानंतरची पहिली दोन वर्षं त्या दोघांनी एटापल्लीच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात काढली. तिथे सोमारी नावाची तिची मैत्रीण होती. मरायच्या आधी तिला एकदा भेटायचंच, असा आत्याचा हट्ट. मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी अडकले.

एटापल्लीला उतरून जीप केली. गावाचं नाव आत्याला पक्कं आठवत होतं. त्या नावाची दोन गावं आहेत, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं. आम्ही अर्थातच चुकीच्या गावी पोचलो. तिथे सोमारी नावाच्या तीन बायका निघाल्या आणि तिघींनीही आत्याकडे कुतूहलाने पाहून नाही म्हटलं. तापलेल्या जीपमधून पुन्हा मागे, दुसऱ्या गावाकडे. वाटेत आत्या मला म्हणाली, तूच आधी नीट चौकशी करायला हवी होतीस. मी बाहेरचे साग मोजू लागले, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं.

जीप जिथे थांबली तिथून पुढे पायवाट होती, आणि मग अचानक नदी. मी आजवर पाहिलेल्या नद्या मातकट तरी होत्या किंवा हिरवट तरी. ही काळी होती. दोन्ही काठांवरून अर्जुन आणि जांभळाची झाडं इतकी ओणवली होती की ऊन पाण्यापर्यंत पोचतच नव्हतं. वर्षानुवर्षांचा पाला डोहात पडतो, कुजतो, आणि पाण्याला त्याचा रंग चढतो. ओंजळीत घेतलं तर पाणी स्वच्छ, कोऱ्या चहासारखं. घाण वास मुळीच नाही. एक खंड्या सूर मारून गेला, आणि त्या काळ्या पाण्यात तो निळा रंग क्षणभर दोनदा दिसला. मी खरोखर हरखले असते, पण तेवढ्यात माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच.

पलीकडे जायला डोंगा (एका खोडातून कोरलेली होडी) होता. नावाड्याने बजावलं, "बाई, बसूनच राहा, उठू नका." डोहाच्या मध्यावर आत्याला ओळखीचा खडक दिसला आणि ती उठली. डोंगा कलला आणि पाणी आत शिरलं. काठाशी पोचेपर्यंत आम्ही तिघेही कमरेपर्यंत भिजलो होतो.

सोमारी घरासमोर मासे साफ करत बसली होती. बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची. आत्याने स्वतःचं नाव सांगितलं. सोमारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग पुन्हा माशाला हात घातला.

"तू तर मेली होती," ती म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला. आत्याला तिथे मलेरिया झाला होता. बेशुद्धीत तिला खाटेवर घालून डोंग्यातून पलीकडे नेलं ते कायमचंच. यजमानांची बदली झाली आणि इकडे परत कुणीच आलं नाही. सोमारी काठावर वाट पाहत राहिली. शेवटी तिने ठरवलं, बाई गेली.

"मी तुह्या नावानं रडून घेतलं व. शेजारणीईले सांगितलं, माही बाई मेली," सोमारीचा आवाज चढला नाही. "तू तिकडं पोरंबाळं करून राह्यली. एक निरोप नाई. आता जित्ती होऊन आली, तं मी काय करू?"

दिवसभर अखंड बोलणारी आत्या एवढंच म्हणाली, "मले वाटलं, तू विसरली असशील."

"असं तूनं काऊन वाटून घेतलं?"

आत्या ओल्या लुगड्यानिशी खाली बसली आणि दुसरी टोपली ओढून मासे साफ करू लागली. सोमारीने तिच्या हातातला मासा काढून घेतला, नीट धरून दाखवला आणि परत दिला. संध्याकाळी अंबाडी घालून त्याच माशांचा आंबट रस्सा आणि भात झाला. जेवतानाही सोमारी फक्त माझ्याशीच बोलली. डोहात पाणमांजरं आहेत, तिने सांगितलं, आणि ती जाळं फाडून मासे पळवतात म्हणून त्यांनाही शिव्या घातल्या.

सकाळी जावा (तांदळाची पातळ पेज) पिऊन मी निघायची तयारी केली. आत्या जागची हलेना. आठ दिवसांनी घ्यायला ये, म्हणाली. मी चिडले. पुन्हा तीच बस, तीच जीप, तोच डोंगा. तुझ्या गोळ्या, तुझे गुडघे, घरी मी काय सांगू, असं सगळं बोलून झालं. गोळ्या पिशवीत आहेत, आत्या म्हणाली. सोमारी मध्ये पडली नाही. पण तिच्या ओसरीवर दुसरी चटई अंथरलेली होती आणि तिने ती गुंडाळली नव्हती.

मी अनवाणीच परतले. एटापल्लीपासून बस भरलेली होती, आणि उभ्याने येताना मी मनात आत्याला बरंच सुनावलं. खरं तर हा सगळा एका दिवसाचा रस्ता आहे. या दोघींना त्याला अख्खा जन्म लागला, आणि त्याचा राग मला नेमका कुणावर काढावा ते कळेना.

ऊर्जानगरला आतेभाऊ माझ्यावरच उखडला. आईला तिथे टाकून आलीसच कशी? तिकडे तिचं आहे तरी कोण?

"आहे ना," मी म्हटलं. "अजून तिच्यावर रागावलेली आहे."