न चढलेला मनोरा

गवंड्याची लेक परदेशात शिकायला गेली खरी, पण चार महिने वसतिगृह आणि कॉलेज सोडून कुठं फिरकली नाही. एकटीनं बसमध्ये चढायचीसुद्धा तिला धास्ती वाटायची. वडील मात्र दर रविवारी फोनवर विचारायचे, "मग, काय काय पाहिलंस?" शेवटी तिनं इंटरनेटवरून एका जुन्या मनोऱ्याचा फोटो उचलून पाठवला आणि आपण पार वरपर्यंत चढून आलो, असं ठोकून दिलं.

परीक्षा संपल्यावर मैत्रिणींनी तिला ओढतच तिथं नेलं. मनोऱ्याभोवती खालपासून वरपर्यंत परांच्या बांधलेल्या होत्या.

"दुरुस्ती चाललीय," पहारेकरी म्हणाला. "दोन वर्षांत वर कुणालाच सोडलेलं नाही."

परांचीवर एक म्हातारा गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा धरून उभा होता. त्याच्याकडे तिला बघवेना. मैत्रिणींपासून बाजूला होऊन तिनं घरी फोन लावला.

"बाबा, मी तेव्हा इथं आलेच नव्हते. खोटं बोलले मी."

"कामावर सगळ्यांना दाखवला गं मी तो फोटो," वडील म्हणाले. मग हळूच विचारलं, "पोरी, तुला तिथं करमत नाही का?"

त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. मान खाली घालून ती म्हणाली, "नाही करमत, बाबा."