हबातल्या वाट्या

मी शिक्षिका झाले तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. शाळा मालवणपासून चार मैलांवर, खाडीपलीकडे. मुंबईला नोकरी करणाऱ्या मोठ्या भावाने जुनी लेडीज सायकल बोटीने पाठवून दिली होती. रोज सकाळी ती होडीत आडवी घालायची, पलीकडे उतरवायची आणि जांभ्याच्या रस्त्याने शाळा गाठायची. होडीच्या तळाशी नेहमी खारं पाणी साचलेलं असे. वर्षभरात ते पुढच्या चाकात शिरलं आणि चाक जात्यासारखं घरघरू लागलं.

बाजारात सायकलीचं दुकान एकच. दुकानदाराने हबातले, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यातले, छर्रे बदलून दिले. पंधरा दिवसांत घरघर परत सुरू. मी नुसतं चाक घेऊन पुन्हा गेले. त्याने आतला आस बाहेर काढला आणि हबात बोट फिरवून माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "वाटयो झिजल्यो."

हबाच्या दोन्ही तोंडांशी पोलादी वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. छर्रे त्यांच्यात फिरतात.

"मगे त्यो बदलून देवा," मी म्हटलं.

"त्यो भायर येनत नाय. नवो हब घेवक होयो. तुमी घरातल्या बापयाक धाडा, तेका समजावन सांगतंय."

घरात पुरुषमाणूस होता कुठे? मी आणि आई.

"सायकल मी चालवतंय. माकाच सांगा."

तो हसला. वाटी निघत नाही हे दाखवायला त्याने हबात छिन्नी घातली आणि दणका दिला. वाटी तिथेच राहिली, हबाच्या तोंडाला मात्र पोचा आला. दुसऱ्यांदा हातोडी उचलली तेव्हा मी चाक ओढून घेतलं.

"ऱ्हवांदे. मीच काढतंय."

चाक खांद्यावर टाकून मी भर बाजारातून चालत निघाले. पदराला काळं ग्रीस लागलं होतं. कोणीतरी ओरडलं, "बाई, गाडी खंय आसा?" मी म्हटलं, "मागसून येता."

घरी अंगणात बसून मी हब उजेडाकडे धरला. एका तोंडातून पाहिलं की पलीकडच्या वाटीची आतली कड दिसे, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. मारायचं ते तिथे, पलीकडून. छिन्नी निमुळती, ती मध्येच अडकते आणि सगळा मार हबाला बसतो, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन लोखंडी सामानाच्या दुकानात गेले आणि एकेक हत्यार हबात घालून पाहू लागले. स्क्रू-ड्रायव्हर पोचला, पण त्याचं टोक कडेवरून घसरलं. खिळे ठोकायचा पंच लांबीला अपुरा. पहार अर्थातच आत जाईना.

"बाई, ही काय भाजी न्हय, हाताळून घेवक," दुकानदार वैतागला.

"हाताळल्याशिवाय कळाचां कसां?" असं म्हणून मी सगळं पाहून घेतलं आणि काहीच न घेता बाहेर पडले.

किनाऱ्याने परत येताना एक म्हातारे सुतार होडीच्या फळीतला गंजलेला खिळा काढताना दिसले. हातात बोटाएवढा जाड, सरळ दांडा. त्याचं टोक सपाट. ते खिळ्याला मागून टेकवून ते बेताने ठोकत होते. मी तिथेच थांबले. तो दांडा द्याल का, म्हणून विचारलं.

"हत्यार मी कोणाक देनंय नाय."

"देव नकात. माप तरी घेवंदे."

त्यांनी चाकाकडे पाहिलं, हबात बोट घातलं. मग भंगारातून होडीचा एक जुना बोल्ट उचलला, त्याचं टोक करवतीने कापलं आणि कानशीने सपाट, काटकोनी केलं. "धार नको, कोपरो होयो. आनि एकाच जाग्यार ठोकू नका. हय एक, थंय एक."

बाईमाणूस कशाला हे करतंय, असं त्यांनी विचारलं नाही.

वाटीचं तोंड कागदावर दाबून मी ठसा घेतला आणि भावाला पाठवला. तीन आठवड्यांनी नव्या वाट्यांचं पार्सल आलं. रविवारी सकाळी दोन ठोकळ्यांवर हब टेकवला, दांडा आत घातला आणि हातोडी उचलली.

"शेजारी बघतत गो," आई म्हणाली.

"बघांदेत."

हय एक, थंय एक. पहिली वाटी अर्ध्या तासात खाली पडली. दुसरी हलेना. अंगठ्यावर हातोडी बसली, नख काळंनिळं झालं. शेवटी आईनेच चुलीवरचं उकळतं पाणी आणून हबाच्या तोंडावर ओतलं. हब तापून फुगला आणि चार ठोक्यांत तीही निघाली. नव्या वाट्या मी लाकूड मध्ये धरून ठोकून बसवल्या.

सोमवारी जुन्या वाट्या सायकलवाल्याच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

"कोणी काढून दिल्यान?" त्याने विचारलं.

"मी काढलंय."

"खरां सांगा."

मी पुढचं चाक उचलून फिरवलं. आवाज नाही. त्याने वाट्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि कामाला लागला. त्याचाच मला जास्त राग आला.

दोन महिन्यांनी मागचं चाक घरघरू लागलं, तेही मी उघडलं. तिथे फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, असतं. ते माझ्याकडून फुटलं. पुढचं पार्सल येईपर्यंत महिनाभर मी शाळेत चालत गेले. सायकलवाला दुकानाच्या पायरीवरून म्हणायचा, "बाई, चाक हाडा हय, करून दितंय." मी "नको" म्हणून पुढे जायची.

तेव्हा तो मनापासून म्हणत असावा, असं आज वाटतं. तरी आजही मी नकोच म्हणेन.