लघवीच्या पिशवीला खोळ

हिंगण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर लघवीबद्दल बोलते. कामच तसं आहे. सिलिकॉनची नळी माणसाच्या पोटात आठवडेच्या आठवडे राहिली की तिच्यावर लघवीतले क्षार बसतात आणि ती तुंबते. मुळात सिलिकॉनला पाण्याचं वावडं. थेंब टाकला तर अळूच्या पानावर राहावा तसा गोल बसून राहतो. आम्ही त्यावर पाणी धरून ठेवणारा पातळ थर चढवतो, म्हणजे नळी ओली झाली की बुळबुळीत होते आणि क्षारांना चिकटायला जागा मिळत नाही. तपासणीसाठी खोटी लघवी बनवतो, बरण्यांत नळ्या बुडवून ठेवतो, आणि त्यावर एकमेकांत वाट्टेल ते विनोद करतो.

घरी मात्र मी 'मेडिकलचं काम' करते. सासरी, धरमपेठेत, कोणी फारच खोदून विचारलं तर 'हार्टच्या नळ्या' म्हणून मोकळी होते. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात, माझीही कॉलर ताठ होते.

यंदा प्रोस्टेटमुळे बाबांची लघवी अडली. ऑपरेशन होईपर्यंत डॉक्टरांनी नळी घातली, आणि मी त्यांना उमरेडहून माझ्याकडे आणलं. नळीचं दुसरं टोक पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या पारदर्शक पिशवीत. पहिल्याच संध्याकाळी नळी बोटांत धरून त्यांनी विचारलं, "असंच बनवता ना वं बाई तुमी तिकडं?" आवाजात कौतुक होतं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या मैत्रिणी बसल्या होत्या. "हळू बोला ना बाबा," मी म्हणाले.

आजारी माणूस घरात आला की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागतेच. येणाऱ्याची नजर बाबांच्या तोंडावरून घसरून पिशवीवर जायची, आणि मी तिथल्या तिथे आक्रसून जायचे. शेवटी गांधीबागेतून फुलाफुलांचं कापड आणून मी पिशवीला खोळ शिवली. बेल वाजली की आधी खोळ, मग दार. पिशवी भरलेली असली तर ती रिकामी केल्याशिवाय मी कोणाला त्यांच्या खोलीत जाऊ देत नसे. बाबा निमूट पाय आवरून बसत. मी त्यांचा मान राखते आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

एका दुपारी नळी तुंबली. पोट टम्म फुगलं, बाबा घामानं डबडबले. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी काढून नवी घातली. जुनीच्या तोंडाशी पांढरा, खडबडीत थर होता. असे थर मी बरण्यांत कितीदा पाहिलेत. मी लगेच नळीचा दर्जा, कोटिंगची जाडी असं काहीबाही बोलू लागले. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं आणि बाबांकडे वळले.

"काकाजी, पाणी किती पिता?"

बाबांनी चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"कमीच पेतो जी," ते म्हणाले. "बॅग भरली का हिले लाजल्यासारखं होते. भेटाले लोकं येऊन राह्यले ना."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट मला सांभाळूनच घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी तुंबू नये म्हणून मी पगार घेते, आणि माझ्याच बापाची नळी मी तुंबवली होती. पाणी असंच कमी राहिलं तर पुन्हा हेच होईल, किडनीवर बेतेल, असं डॉक्टर बजावत होते. मी मान खाली घालून ऐकत होते.

घरी आल्यावर त्यांना पलंगावर बसवलं आणि मोठा पेला भरून पाणी दिलं. तहान लागली असणार, ओठ कोरडे पडले होते. पेला तोंडापर्यंत नेऊन ते थांबले.

"कोनी येऊन तं नाही राह्यलं ना वं?" त्यांनी हळूच विचारलं.